तीन ते पाच

कादराबादेत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
तस्नीम डॉक्टर आधी जीभ बघते.
चेहरा मग.

मी तर चेहऱ्यासाठीच आले होते.
डोळ्यांखाली दोन काळपट वाट्या,
गाल कालच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे,
बियाण्याच्या लॅबमध्ये सोळा वर्षं
ट्यूबलाइटखाली कोंब मोजून आलेला रंग.
हळद झाली, मसुराचं पीठ झालं,
भाचीच्या लग्नातून उरलेली एक ट्यूबसुद्धा पिळून झाली.

ती मनगटावर तीन बोटं ठेवते,
बंद दाराला कान लावावा तशी.
औरंगाबादला दोन वर्षं शनिवार-रविवार
एस्टीनं जाऊन शिकली हे.
भिंतीवर एक उघडा चिनी माणूस, अंगभर ठिपके,
ठिपक्यांमधून नद्या काढलेल्या,
आमच्या कुंडलिकेपेक्षा वाहत्या.

"रात्री जाग येते?"
"तीनला."
"रोज?"
"रोजच."
तिला पुस्तकातलं पान सापडल्यासारखं झालं.
"तीन ते पाच फुप्फुसाचा पहर.
अन् कातडी म्हणजे फुप्फुसाचं अंगण, ताई.
आत कोंडलं की अंगणात धूळ."

मी म्हटलं, "तीनला नळ येतो, डॉक्टर.
आठ दिवसांतून एकदा.
बाकीच्या सात रात्री मी नुसतीच उठते,
न आलेल्या पाण्याची हजेरी घ्यायला."

तिनं काहीतरी लिहिलं. खोडलं.
तिच्या पुस्तकात पालिका नव्हती.

चीनचा हिरवा दगड महाग,
म्हणून पूर्णेच्या पात्रातला एक अकीक
तिनं अंगठ्यांवाल्या बशीरचाचाकडून घासून घेतलाय.
हनुवटीपासून कानापर्यंत, तिरपा, हलका,
बाळाच्या टाळूत तेल जिरवावं तसा.
तिसऱ्या फेरीला जबडा सुटला
तेव्हा कळलं, मी दात आवळून बसले होते,
दिवाळीपासून,
का त्याच्याही आधीपासून, काय की.

खायला लाल बोरं सांगितली, सुकवलेली, दुधात उकळून.
चिनी बोरं.
मी हसले. आमच्या बांधावर पोरं दगड मारून पाडतात ती
यांचीच कुणीतरी मावसबहीण असणार.

मग गुडघ्याखाली चार बोटं मोजून
तिनं एक जागा दाबली. कळ पार घोट्यापर्यंत गेली.
"इथं दाबलं, की दमलेला माणूस
आणखी तीन कोस चालतो."

मी बराच वेळ त्या जागेकडं बघत राहिले.
"डॉक्टर, मला आणखी तीन कोस चालायचं नाही.
कुठं दाबलं की बसता येतं, ते सांगा."

खाली कुणीतरी ट्यूबमध्ये हवा भरत होतं.
तस्नीमनं चष्मा काढला.
तिच्याही डोळ्यांखाली त्याच दोन वाट्या,
तिच्याही गल्लीत नळ तीनलाच.
तिनं स्टूल ओढलं, माझ्या समोर बसली,
सलवार वर सारून स्वतःच्या गुडघ्याखाली शोधत राहिली,
चार बोटं, पाच बोटं,
"ते आम्हाला शिकवलं नाही," म्हणाली.

गुरुवारी रात्री नळाला आधी श्वास आला.
दर वेळी तसंच होतं, कोरडी फुसफूस,
लांबून कुणी धापा टाकत आल्यासारखी,
मग पाणी.
टाकी भरली, दोन पिंपं, घागरी, कुकरचं भांडंसुद्धा.
शेवटची बादली पालथी घातली
आणि तिच्यावर बसले.
पाणी मोरीतून सरळ रस्त्यावर.
समोरून शेषाबाई ओरडल्या,
"व माय, पाणी वाया चाललंय की! झोपली का काय?"
"बसलेय," मी म्हटलं.
जालन्यात आजवर असं कुणी बोललं नसेल.

अकीक ओला, गार.
अंधारात हनुवटीपासून कानापर्यंत.

वसुधा लॅबमध्ये विचारते, पडला का फरक?
मी ओल्या कागदाची गुंडाळी तिच्या हातात देते.
आत मक्याचे पन्नास दाणे आहेत.
सातव्या दिवसाआधी उलगडायचं नाही,
तिलाही माहीत आहे.
आरसाही मी अजून उलगडलेला नाही.