उभा छेद

एकास वीस प्रमाण. आलेखकागद,
निवृत्तीच्या दिवशी कचेरीतून आणलेली
अर्धी बाटली काळी शाई.
छत्तीस वर्षं लोकांच्या हद्दी काढल्या,
आता सांगलीतल्या या परसात
चार गादीवाफ्यांच्या काढतोय.

उत्तर वर. शेवगा कोपऱ्यात.
त्याची सावली जानेवारीत कुठवर सरकते
ते दोरी लावून मोजलंय, तीन रविवार.
पाण्याच्या टाकीची मोजायची राहिली.

वाफ्याची लांबी आठ फूट.
रुंदी सगळे चार सांगतात,
पण राजमतीचा हात तेवढा पोचत नाही.
काल ती फळीवरचा तुरीचा डबा काढत होती,
मी मागून टेप लावला.
"काय मापायलाय?"
"वाफा," म्हटलं. ती हसली नाही.
चार खोडून सव्वातीन लिहिलं.

भरणी, खालून वर:
पुठ्ठा, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या,
कवलापूरचं शेणखत, त्यावर गाळ.
गाळ विकत आणायचा नाही.
पुरानं स्वयंपाकघरात आणून टाकलेला
कुंपणाशी अजून ढीग आहे,
नदीचा, फुकट.
त्यात एक चमचा सापडला. आमचा नव्हता.

भूपालअण्णा कुंपणावरून वाकले.
"किती उंच करायलायस?"
"दीड फूट."
त्यांनी आमच्या भिंतीकडं पाहिलं.
तिथं तांबड्या रंगात रेघ आहे, २०१९,
सात फूट दोन इंच.
अडकित्ता मिटला आणि गेले.

हरिपुरात पूर्वी हळद पेवात उतरवायचे,
जमिनीच्या पोटात, वर्षानुवर्षं कोरडी.
मग पाणी तिथंही शिरलं.
मला दीड फूट पुरे आहे.
ते गुडघ्यांसाठी. नदीसाठी नव्हे.

पहिल्यात मेथी, चाकवत, शेपू.
दुसऱ्यात वांगी, कृष्णाकाठची, यावर वाद नाही.
वाद माव्यावर झाला.
"औषध मारणार?"
"निंबोळी. दशपर्णी. सगळं सेंद्रिय."
"मरणाऱ्याला काय त्याचं."
हे तिचं वाक्य मी उजव्या कोपऱ्यात टिपून ठेवलं,
जिथं एरवी नकाशाची सूची असते.
मग कडेनं चवळी आखली, माव्याच्या वाटणीची.
खणायचं नाही हेही ठरलं. नुसतं भरायचं, झाकायचं.
कुदळ काही गांडुळाला विचारून पडत नाही.

तिसऱ्यात मांडव, दोडका आणि घेवडा.
चौथा कोरा.

कांदा, बटाटा, गाजर, मुळा
आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.
हळद येते, वाळली की चालते;
नियम तिला पाठ आहेत, अपवाद मला.
कचेरीत मी छत्तीस वर्षं
मोहितेच्या डब्यातला मुळा खाल्ला,
मीठ लावून, खिडकीशी उभा राहून,
आणि घरी येण्याआधी बडीशेप.
तिला माहीत नाही असं वाटायचं.

आज सकाळी पाहतो तर चौथ्या वाफ्यात
तिची पेन्सिल, प्रमाण सोडून, मोठ्या अक्षरात:
मुळा.
खाली बारीक:
उपटाल तेव्हा मला हाक मारू नका.

त्यावर अजून शाई फिरवलेली नाही.

उभा छेद काढायला घेतला.
वीट, पुठ्ठा, पाचट, शेणखत, गाळ,
आणि सवयीनं वर पूररेषा, निळी, तुटक.
कागदावर वाफा इंचभरही भरत नाही,
रेषा सव्वाचार इंचांवर.
मधल्या कोऱ्या जागेत मांडव उभा केला,
दोडका चढवला,
एक पिवळं फूल रेषेच्या वर गेलं.
प्रमाणात नाही. राहू दे.

विटांचा हिशेब अजून लागत नाही.
दीडशे कमी पडतील बहुतेक.