अंशतः खरे

धुळवडीच्या दिवशी, उजाडायच्या आत
मोबाईलवर आला तारांकित प्रश्न.
अर्थसंकल्पीय अधिवेशन. अत्यंत तातडीचे.
उत्तर आज दुपारी तीनपर्यंत, न चुकता.

मौजे तिवरखार, तालुका देवगड, येथील बंधारा
उधाणात फुटून भातखाचरांत खारे पाणी शिरले,
हे खरे आहे काय?
असल्यास, दुरुस्तीबाबत कोणती कार्यवाही केली?
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

एकवीस वर्षं मी ही भाषा लिहितो.
सासऱ्यांना पहिलं पत्र लिहिलं
तेव्हाही शेवटी 'माहितीस्तव सादर' लिहून बसलो होतो.

साहेब शिमग्याला गावी. टेप घेऊन मीच निघालो,
कपाळावर होळीची राख तशीच.

इब्राहिम सोलकरने टेपचं टोक धरलं
आणि मांडीभर चिखलातून पलीकडे गेला.
ओहोटी होती. मागच्या वर्षी जिथं मुणगा उभा होता
तिथं निवट्या उड्या मारत होत्या.
चौदा मीटर वीस, मी म्हणालो.
'आत्ता चौदा,' तो म्हणाला,
'सांजच्याक येवा, पंधरा गावतला.'

शेवंती घाडीने विहिरीचं पाणी दिलं.
मी पाहुण्यासारखा घोट घेतला
आणि पाहुण्यासारखाच गिळला.
'आता सांगा,' ती म्हणाली, 'गोडा काय खारा?'

मी लिहिलं: होय, हे खरे आहे.

माझं 'होय' उपविभागातून विभागात गेलं,
विभागातून मंडळात, मंडळातून मंत्रालयात.
'फुटला'चं 'खचला' झालं,
चौदा मीटर वीसचं 'काही लांबीत'.
विहीर गळाली, कारण ती मुळात विचारलीच नव्हती.
मी कुणाला बोल लावत नाही.
'होय'च्या मागून उपप्रश्न येतात,
हे मीच नव्या पोरांना शिकवलंय.

शेवटी परत आलं ते असं:
एक, हे अंशतः खरे आहे.
दोन, प्रस्ताव विचाराधीन आहे.
तीन, प्रश्न उद्भवत नाही.

आमच्याकडे विहिरीच्या झऱ्याला उद्भव म्हणतात.

बंदरावरच्या हॉटेलात टीव्ही लावून बसलो सगळे.
आमचा प्रश्न यादीत अकरावा.
दुसऱ्याच प्रश्नावर कागद उडाले,
सभागृह पंधरा मिनिटं तहकूब, मग आणखी पंधरा.
मग तास संपला.
उरलेली उत्तरं पटलावर ठेवली, असं कुणीतरी म्हणालं.
'पटल म्हणजे काय ता?' इब्राहिमने विचारलं.
मेज, मी म्हणालो. मोठं मेज.
'मगे थंयसून खाली कधी येता?'
मी भज्यांचे पैसे दिले.

अष्टमीला भांग लागला, पाणी सुस्तावलं.
त्या दिवशी गाव उतरलं: गोणी, घमेली, कातळाचे चिरे,
दोन होड्या भरून माती.
मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली,
कारण लिहिलं, घरगुती.
चिखलात माझा एक बूट राहिला, तो अजून तिथंच असेल,
शासनाच्या हद्दीत की समुद्राच्या, सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी अधिवेशनाचं सूप वाजलं.
अठरा विधेयकं मंजूर, बातम्यांत सांगत होते,
कामकाजाचे तास एकशे दहा, वाया गेलेले तास इतके.

पाडव्याच्या आदल्या रात्री उधाण चढलं.
सकाळी मी पुन्हा टेप लावली, या वेळी कुणी न विचारता.
नऊ मीटर राहिले होते,
पाच वीस वाहून गेले.

पावसाळी अधिवेशनात पुन्हा प्रश्न येईल,
हे खरे आहे काय?
तेव्हा 'अंशतः' लिहायला माझा हात अडणार नाही.

शेवंती रोज एक ओंजळ तोंडात धरते,
थुंकते,
आणि कळशी घेऊन वरच्या वाडीकडे चालू लागते.