मागचं वजन

रिकामा पिकअप मागून हलका असतो.
क्लच सोडला की चाकं जागच्या जागी फिरतात,
डांबर जळतं, गाडी जात नाही.
म्हणून जिलानी मिस्त्रीनं माणूस शोधला.
सरकीचं पोतं फुटतं, म्हणला,
आणि पोत्याला साखळी धरता येत नाही.

जिनिंगच्या काट्यावर मला उभं केलं.
तो काटा दहा-दहा किलोंनीच बोलतो:
नव्वद.
किसना म्हणला, "बास मुंजाभाऊ. जेवून येत जा फक्त."
दिवसभर मी पोती वाहतो, रात्री मीच पोतं.
एका शर्यतीचे दोनशे, वर अंडाभुर्जी.

मानवतच्या पल्याड नवा बायपास,
फीत कापायला कुणाला सवड नाही.
दुभाजकातली कण्हेर पाण्यावाचून उभी.
पुलाच्या अलीकडं चुन्याची रेघ,
चारशे मीटरवर दुसरी.
टेप मोजणीवाल्याच्या पोराची, त्यामुळं भांडण नाही.

गाडी तीच, गुरुवारी बाजाराला बोकडं नेणारी.
हौद्यात लेंड्या, पेंढा, तो वास.
बॉनेटखाली मात्र दुसरंच जनावर:
टर्बो कुठल्याशा मोठ्या ट्रकचा, भंगारातला,
पंपाचा स्क्रू मिस्त्रीनं कानानं पिळलेला,
सायलेन्सर कोपराएवढा उरलेला,
वेस्टगेटला सायकलच्या ब्रेकची तार.
कामून, विचारलं तर म्हणतो,
"हवेला जाऊ देऊ नको, मग बघ ती काय करती."

माझी जागा फाळक्यापाशी.
तोंड मागं, छाती पत्र्याला,
साखळीचे मनगटाला दोन वेढे.
गाडी सुटते
आणि पोट तिथंच रेघेवर राहतं.
आतून शिट्टी निघते, बारीक,
डासाएवढी,
मग चढते, चढते, दाढेत शिरते.
धूर डोळ्यांत, धूर दातांत,
बॅटऱ्या धरलेली पोरं काजव्याएवढी,
आणि शेजारून हळूच मागं सरकत येणारे
दुसऱ्या गाडीचे हेडलाइट.

पुढचं मी कधी पाहिलं नाही.
जिंकणं म्हणजे मला एवढंच ठाऊक:
कुणीतरी मागं येतं,
काचेआड त्याचं तोंड दिसतं.
सेलूच्या एका पोराचं अजून आठवतं.
जीभ दातांत धरली होती त्यानं, गणित सोडवावं तशी.

पाथरीचा रुस्तुम आला त्या रात्री
मागं कुणीच दिसलं नाही.
धूर, रेघ, पोरं, कण्हेर.
रस्ता मोकळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत माझा.
वाटलं, लई मागं राहिला,
सुटलाच नसंल.
मी एका हातानं साखळी सोडली, हात वर केला.
ओरडलो पण.

गाडी थांबली. वळून बघितलं तर
रुस्तुम पुढं,
दार उघडं टाकून
बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरत होता.

किसना खाली उतरला नाही.
मिस्त्री पळत आला, बॉनेट उघडलं,
रबरी पाईप क्लॅम्पातून निसटून लोंबत होता.
"दुसऱ्या गिअरलाच गेलता. शिट्टी बंद झाली, तुला कळलं नाही?"
कळलं होतं.
मला वाटलं, पोचलो.

दोनशे दिले, कमी केले नाहीत.
वर केलेल्या हाताचं कुणी काढलं नाही.
भुर्जी खाताना किसनाला एकदा ठसका लागला,
तो ठसका होता का हसू, मी विचारलं नाही.

पोळ्यानंतर मिस्त्रीनं जालन्याहून प्लेट आणली,
नव्वद किलोची, फाळक्याच्या आत चार बोल्टांनी आवळली.
"लोखंडाला भुर्जी लागत नाही, मुंजाभाऊ."
खरं आहे. वाऱ्यालाही ते आडवं येत नाही.

आता मी रेघेपाशी उभा राहतो, बॅटरी धरतो.
वाटलं होतं, इथून तरी समजंल.
दोन गाड्या सुटतात, चार लाल दिवे,
चाराचे दोन होतात, दोनाचा धूर.
कोण पुढं, इथून पण दिसत नाही.
पलीकडून आरडाओरडा येतो
आणि माझं मनगट
रिकाम्या हवेत दोन वेढे घेतं.