एक बोट उतार

पहाटे साडेचारला भीमाशा मिस्त्री फाटकात.
म्हणाला, नऊच्या आत उरकायचं, बाई,
नंतर हे ऊन मालातलं पाणी पिऊन टाकतं.

खड्डा तयारच होता, गुडघाभर.
इथे नायनांचा माग होता.
पाय आत सोडून, पावड्या दाबत
चाळीस वर्षं ते जमिनीतून
कमरेपासून वरच उगवलेले दिसायचे.
ते त्याला गुंत म्हणायचे. आमच्या तेलुगूत खड्डा.
शाळेत मराठीच्या बाईंनी गुंत्याचा अर्थ वेगळाच सांगितला,
मी दोन्ही खरे धरले.

मागाचं लाकूड बंबात गेलं, फणी माळ्यावर.
खड्डा कुणी विकत घेईना.

चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात तळं?
येमूलकाकू भिंतीवरून हसल्या,
मासे काय टँकरनं आणणार?
मला नीट उत्तर देता आलं नाही.
ग्रॅच्युइटी आली होती.
कुणीतरी कमळाचा कंद दिला होता,
तो बादलीत मावेना.

काळी माती मिस्त्रीनं आधीच उपसून टाकलेली.
बेइमान आहे म्हणाला ही, उन्हात भेगाळते, पावसात फुगते,
वर काही बसवलं की मोडून हातात देते.
तिच्या जागी मुरूम, धुमसानं ठोकून ठोकून,
वर सळईची जाळी,
जाळीखाली फरशीचे तुकडे.

मग पिशवीतून त्यानं नळी काढली,
पारदर्शक, बोटाएवढी जाड.
तांब्याभर पाणी मागितलं.
तळ्यात आलेलं पहिलं पाणी ते.
एक टोक सायव्वाकडं, एक त्याच्याकडं.
बुडबुडा गेला का?
गेला.
मग हलू नको.
पाणी वर चढलं, खाली आलं, परत थोडं चढलं,
आणि दोघांच्या बोटांशी एकाच उंचीला बसलं.
तिथे खिळा. मग दुसरा कोपरा.

पत्र्यावर एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी.
पाणी बेतानं.
सायव्वा घमेली झेलत होती,
इरण्णा सळईनं कुचत होता,
माल मधूनच सुस्कारा टाकायचा.
मग पट्टी. दोघं दोन टोकांना,
डावीकडं, उजवीकडं, बोटभर पुढं,
डावीकडं, उजवीकडं.
धोटा असाच जायचा.
मी ते मोठ्यानं म्हटलं नाही.

तळ अगदी सपाट करा हं, एवढं मात्र म्हटलं.
भीमाशानं रंधा थांबवला.
काठ लेव्हलला, बाई. तळ उताराला.
सपाट तळात घाण बसती.
मोरीकडं एक बोट द्यायचा.
डोळ्याला दिसत नाही, पाण्याला कळतो.

साडेआठला ऊन भिंत उतरून आलं.
गोणपाट कमी पडलं.
मी घाईनं आतून चादर आणली,
भावाच्या कारखान्यातली, दोन नंबरचा माल,
एका मोराला मान विणायची राहिलेली.
भिजवली, पसरली.
अजून जरा थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कोपरा उचलला तर
खाली सिमेंटात धाग्यांच्या ओळी,
आणि तो मोर, उलटा, मानेशिवाय.
मिस्त्री वैतागला. थापीनं खरवडून पाहिलं.
बसलं होतं.
पाणी भरलं की दिसणार नाही, म्हणाला,
आणि मजुरीतले दोनशे घेईना.
शेवटी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली,
तेवढी घेतली.

सात दिवस ओलं ठेवायचं आहे.
आज तिसरा. नळ उद्या.
तांदूळ धुतलेलं पाणी, कपड्यांचं शेवटचं, बिनसाबणाचं,
सगळं मी इथे आणते.
काठावर बसते, पाय आत सोडून.
पाय कुठेच टेकत नाहीत, दाबायला काही नाही.
बादली हळू कलती करते.
पाणी चादरीखाली क्षणभर घुटमळतं,
मग निघतं मोरीच्या कोपऱ्याकडं,
मोरावरून.