रेषेबाहेरचा निळा

अंक सतरावा. किंमत दीड रुपया.
शेवटचं पान नव्हतं.
त्यात सुके बांगडे बांधून आईनं वेंगुर्ल्याच्या बाजारात विकले,
हा इनास फर्नांडिसचा संशय.
आईचा साफ नकार.

निळा तांडेल तेव्हा निवतीच्या दीपगृहाखाली,
साखळदंडानं जखडलेला,
आणि वरून कुणीतरी कलता करत होतं
हंडाभर गोडं पाणी.
खाऱ्यात तो अख्खी भरती श्वास कोंडून राही,
पण विहिरीपाशी आला की साधा माणूस,
कनवटीला बिड्या असलेला.

छपाईही तशीच.
निळ्याचा ठसा दर वेळी भाताच्या दाण्याएवढा सरकलेला,
म्हणून तांडेल कायम
स्वतःच्या थोडा बाहेर उभा.
आम्हाला वाटायचं तीच त्याची खरी शक्ती:
गोळी रेषेला लागायची,
निळ्याला नाही.

बंदरावर जाळ्यांच्या ढिगावर बसून
आम्ही तिघांनी तीन शेवट केले.
मी म्हणायचो, हंड्यात कुणीतरी आधीच मीठ टाकलेलं.
इनास म्हणायचा, तो मेला, पण तिसऱ्या दिवशी बघा.
हुसेन मुजावर म्हणायचा, हंडा रिकामाच होता.

पहिला सिनेमा आला तेव्हा मला टक्कल पडू लागलेलं.
इनासच्या रिक्षातून कुडाळला गेलो.
पडद्यावर वेष काळा, रात्र काळी,
निळं काय ते त्याच्या मेलेल्या बापाच्या डोळ्यांत.
अंकात बाप कधी नव्हताच.
गोड्या पाण्याची भीती काढून टाकलेली,
तिच्या जागी अपराधीपणा.
इनास अंधारात मोठ्यानं म्हणाला,
‘ह्यो आमचो तांडेल नाय.’
मागून कुणीतरी,
‘मगे तुझो खंय असा? घेवन ये.’

दुसऱ्यात खलनायक त्याचा सख्खा भाऊ निघाला.
तिसऱ्यात तो उडतो.
समुद्र खाली, लहानसा, इस्त्री केल्यासारखा.

मी रागावलो, नाही असं नाही.
मग उभादांड्याच्या जत्रेत, रात्री दोनला, दशावतारातला राजा आला,
तलवार आपटून म्हणाला,
‘देवळाचा लाइटबिल भरल्याशिवाय
मी राक्षसाक हात लावूचंय नाय.’
गेल्या वर्षी ह्याच आख्यानात, ह्याच जागी,
दुसरा राजा ढसाढसा रडला होता.
कागदावर काहीच नसतं त्यांच्या,
तोंडाला रंग लावता लावता ठरतं सगळं.
कुणी उठून म्हणालं नाही, हा आमचा राजा नव्हे.
पहाटे दहीकाला फुटला,
माणसं चपला शोधत घरी गेली.

पुतण्याच्या शलाकाला तिसराच आवडतो.
टॉवेल गळ्याला बांधून ती
उलट्या घातलेल्या होडीवरून वाळूत उडी घेते.
मी तिला गोड्या पाण्याचं सांगितलं.
तिनं पायाची वाळू झटकली, विचार केला.
‘म्हणूनच तो उडतो,’ म्हणाली,
‘पावसाच्या वर राहायला.’

मला हे चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

ह्या मे महिन्यात इनासची आई गेली.
तिच्या ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली पसरलेलं,
ते पान.
फोटो पाठवला नाही त्यानं, रिक्षा घेऊनच आला.
वर दोनच चौकटी. हंडा पुरता कललेला.
त्याच्या तोंडाशी निळं काहीतरी.
खाली बारीक अक्षरांत ‘पुढील अंकी’,
आणि उरलेलं सगळं पान दंतमंजनाची जाहिरात.
अठरावा अंक निघालाच नव्हता.
छापखानेवाला म्हणे कोल्हापूरला गेला,
लग्नपत्रिका छापायला.

हुसेनला मस्कतला फोन लावला.
पान कॅमेऱ्यासमोर धरलं, थोडं थरथरत.
‘बघ,’ मी म्हटलं, ‘पाणी.’
तो बराच वेळ गप्प.
मग चष्मा वर सारून जवळ आला,
इतका जवळ की नुसतं कपाळ दिसत होतं.
‘ता पाणी नाय रे,’ म्हणाला,
‘निळो सरकलो हा.’