रस्त्याचा दर

पवनीच्या हटवार सरांनी
कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून दाखवला.
"रस्त्याला स्वतःचा दर नसतो, ताई.
जो माल गाडीत बसेल, त्याचा दर रस्त्याला."

म्हणजे भिवापुरी तिखट निघालं
तर आमच्या टोलीपासून पुण्यापर्यंतची वाट पाच टक्के.
चारशेवीसचं तिखट, ऐंशी पोचवणावळ,
कर पाचशेवर. पंचवीस.
त्यातले चार रुपये निव्वळ वाटेचे.
आणि उडदाचे पापड निघाले
तर त्याच वाटेला माफी.
तोच मोटघऱ्यांचा प्रीतम, तीच त्याची फटफटी,
कालव्याकाठचे तेच खड्डे.

"दोन्ही एका खोक्यात घातले तर, सर?"
"एकच किंमत लावली," सर हसले,
"तर पापडालाही तिखट लागेल."

घरी आले. छबुताई देठं खुडत बसली होती,
दहा वर्षं सातऱ्यावर बसलेला हात, कोपरापर्यंत तेल.
तिला सगळं सांगितलं.
"पापडच बरा मंग. सुटका तरी हाये."
नाही ना, बाई.
कुरिअरवाला ऐंशीवर त्याचे अठरा टक्के घेतोच,
चौदा रुपये चाळीस पैसे.
तिखटाच्या हिशेबात ते वळते होतात,
पापडाच्या हिशेबात घरातच राहतात,
जेवण झालं तरी पाटावरून न उठणाऱ्या
पाहुण्यासारखे.
"काऊन?" छबुताईनं विचारलं.
सरांनी मला सांगितलं होतं तेव्हा कळलं होतं.
तिला सांगताना माझंच मला कळेना.

कुरडयांचं तर मी बोललेच नाही.
कुरडई अर्धा किलो. पण मोडते,
म्हणून खोकं मोठं, आजूबाजूला जुने पेपर.
चाळीस लांब, पंचवीस रुंद, दहा उंच.
गुणा, मग पाच हजारानं भागा.
प्रीतमच्या मशीनवर आलं: दोन किलो.
"दीड किलो कशाचं रे भाऊ?"
"जागेचं, ताई. गाडीत जागा खाते ना."
जागेत काय होतं?
आमच्या परसातली हवा होती,
मिरची कांडल्यावरची, नाकाला चावणारी,
शेजारच्या गिरणीतला कोंडा मिसळलेली.
दीड किलो. वर अठरा टक्के.
कोथरूडात खोकं उघडताना
ती बाई शिंकली असेल का?

तिचाच निरोप आला पंधरा दिवसांनी.
तिखट फार छान. पण हे ऐंशी कशाचे?
मोठ्या दुकानात पोच फुकट असते.
रात्री मी मोबाइल घेऊन ओट्यावर बसले
आणि ऐंशी रुपये तिखटात कालवून टाकले.
तिखट एक किलो, पाचशे.
पोच फुकट.
कर तोच, पंचवीस. एकही पैसा हलला नाही.
साडेआठशे किलोमीटरची वाट
एका आकड्यात मुरून गेली.
सकाळी तिनं दोन किलो मागवलं.
खाली फुलाचं चित्र.

मग मंगळवारी दुपारी
वैरागडे काकू आली, स्टीलचा डबा घेऊन.
तिच्या नातवानं फोनमध्ये पाहिलं होतं.
"पाचशे? कावं, सोनं घालतेस का कांडताना?"
मी म्हटलं, "काकू, ते दूरच्यांसाठी.
तुम्ही चालत आल्या, तुम्हाला चारशेवीस.
अन् कराचे एकवीस."
"एकवीस कायचे?"
तेही सांगितलं. तिला ते पटलं नाही,
पण तिनं पदराची गाठ सोडली.

बिल द्यायचं तर पुरतं द्यायचं, असा माझा नेम.
मालाची किंमत चारशेवीस. कर एकवीस.
पोचवणावळीपुढची जागा रिकामी ठेवायची नाही
असं हटवार सर म्हणतात,
म्हणून लिहिलं: निरंक.

काकूनं कागद डोळ्यांपासून दूर धरला,
अक्षर न् अक्षर जुळवलं.
"निरंक," ती म्हणाली.
"हा कोणता नवा टॅक्स लावला, बाप्पा?"