समकक्ष

सोहार. मे महिना, दुपारचे तीन.
एसीखाली बादली ठेवलीय,
तिच्यात थेंब पडतो, तेवढाच आवाज.

डावीकडे जुना अभ्यासक्रम, उजवीकडे नवा,
मधे मी बाण काढतोय.
'रेखाटन दोन' जाईल 'डिजिटल मांडणी'त.
'रंग आणि पोत' दोन तुकड्यांत.
'लाकूडकाम' कुठेच जात नाही.
त्या चौकटीला नुसता पिवळा रंग दिलाय.

जुन्यातल्या अकरा मुली उरल्यात.
दहाजणींनी सही केली.
घालिया अल-बलुशी आली ती
नखांत भुसा घेऊन,
खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाली,
सर, मी एकटीच असले तर तास होईल?

नियमात किमान संख्या सहा.

मी समजावत बसलो: भिंत पाडायची
तर आधी टेकू लावतात,
छत एका रात्रीत नव्या खांबावर जात नाही.
माहितीय, म्हणाली. तुम्हीच शिकवलंत.
टेकू कुठाय?

विभागप्रमुखांचं उत्तर अजून नाही.
बादली मात्र दोनदा ओतून आलो.
रविवारी आठला कार्यशाळा उघडी ठेव, असं
सुकुमारनला सांगितलंय.
किती जण, त्यानं विचारलं.
करवतीला धार काढून ठेव, म्हटलं,
एकजण येईल.